बारवेतला पाचवा

पुणे, २ मे २०२४

चंदाआत्या, साष्टांग नमस्कार.

तुमच्या कानांनी सहा वर्षांपूर्वी राजीनामा दिला, मोबाइलवरची अक्षरं तुम्हाला मुंगीएवढी दिसतात आणि बाबा माझे निरोप पोचवत नाहीत, म्हणून पोस्टाला शरण आलोय. सोबत एक पेन ड्राइव्ह आहे. दिवाळीत आणून दिलेल्या काळ्या स्पीकरला तो मागून लावा, वरचं गोल बटण दाबा आणि नेहमीसारखा तळहात ठेवा. आवाज पूर्ण वाढवा, पण बाबा देवळात गेल्यावर.

आमच्या बँडचं, म्हणजे ‘डांबर’चं नवं गाणं आहे. नाव ‘तळ’, साडेनऊ मिनिटांचं. हेवी मेटल म्हणजे नेमकं काय, असं तुम्ही विचारलं होतं. आमच्यातच त्यावर एकमत नाही. बेस वाजवणारा नंदीश म्हणतो, आपण डूम वाजवतो. म्हणजे मंद, जड, कसलीच घाई नाही. गिटारवाली श्रिया म्हणते, हे कप्पे दुकानदारांनी पाडलेत. हलगी घातली की ‘फोक मेटल’ अशी चिठ्ठी चिकटवणारे तिच्या डोक्यात जातात. शिवराज जळकोटचा, तो गातो, म्हणजे पोटातून गुरगुरतो. त्याचं म्हणणं, ज्याची भीती वाटते ते मोठ्यानं सांगायची सोय म्हणजे मेटल, बाकी नुसतं केस वाढवणं. मी ड्रम वाजवतो आणि या भांडणात पडत नाही.

आता खरी गोष्ट. हे गाणं आम्ही बेंबळीच्या आपल्या शेतातल्या बारवेत रेकॉर्ड केलं. एप्रिलच्या अखेरीस ती कोरडी ठणठणीत होती. तळाशी ड्रम वाजवला की आवाज एकतीस पायऱ्या चढून जातो आणि परत उतरतो. असा घुमारा कुठल्या यंत्रात नाही. बाबांना सांगू नका. बारवेचं नाव काढलं की ते ताटावरून उठतात, का ते कधी सांगत नाहीत.

शेत राखणाऱ्या सिदूनं आम्हाला खाली उतरण्याआधी पहिल्या पायरीवर एकेक दगड ठेवायला लावला. म्हणाला, “दगुड ठिवल्याबिगर उतरू नगा, मालक. वर आल्यावर ज्येचा त्येनं उचलायचा. दगुड राहिला तर मानूस राहिला.” आम्ही चौघांनी ठेवले आणि वर आल्यावर उचलले. श्रियाला ही पद्धत इतकी आवडली की अल्बमच्या मुखपृष्ठावर तिला चार दगडच छापायचेत.

गाणं कसं लागलं ते खरं खरं कळवा.

तुमचा,
यज्ञेश


तुळजापूर, ११ मे २०२४

चि. यज्ञेश यास अनेक आशीर्वाद.

डांबर हे काय नाव झालं? रस्त्याचं टेंडर निघाल्यासारखं वाटतं. असो. दादा सकाळी देवळात गेला आणि मी तुझं गाणं लावलं. पहिली दोन मिनिटं मला वाटलं शेजारी बोअर पाडतायत. मग हात स्थिर केला आणि नीट बसले. मला आवडलं. घाई नाही हे खरंच आहे. कप्प्यांच्या भांडणाबद्दल म्हणशील तर आमच्या वेळी गाणारे लोक घराण्यावरून असेच हमरीतुमरीवर यायचे आणि मैफल संपली की एकाच टांग्यातून घरी जायचे.

चाळीस पोरांच्या वर्गाकडं पाठ करून फळ्यावर लिहिताना कोण बोलतंय हे मी ओळखायची. कान गेले, ती खोड राहिली. म्हणून तुझे लोक मोजले. तुझा ड्रम तळव्यात लागतो. बेस कोपरापर्यंत चढतो. गिटार बोटांच्या टोकांना चावते. शिवराजचं गुरगुरणं मनगटात. हे चार झाले. पाचवा कोण आहे?

तो तुमच्या तालात नाही. तुम्ही थांबता तेव्हाही तो वाजवतो. आणि तुम्ही सगळे तळाशी बसला होतात म्हणतोस, पण मला तो तुमच्याही खालून लागतो.

बारवेत जायच्या आधी मला विचारायला हवं होतंस. मी रागावले नाही, पण विचारायला हवं होतंस. तुझी आई गेल्यापासून घरात मी आणि दादा दोघंच, बोलणं जेवणापुरतं. त्याच्यापाशी मी काही काढलेलं नाही. पाचव्याचं नाव लगेच कळव.

चंदाआत्या


पुणे, १९ मे २०२४

आत्या, नमस्कार.

पाचवा कोणी नाही. तुमचं पत्र तालमीत वाचून दाखवलं, तर शिवराज म्हणाला आत्यांना बँडमध्ये घ्या. बारवेत आवाज भिंतींवर आपटून उशिरा परत येतो, तेच तुम्हाला वेगळं माणूस वाटलं असणार.

तरी श्रियानं संगणकावर नीट बघितलं. ऐकू तर आम्हाला काहीच येत नाही, पण ड्रमच्या रेषेखाली बारीक उंचवटे दिसतात हे खरं. तिनं ड्रम पूर्ण बंद केले. उंचवटे गिटारच्या रेषेत दिसले. ते जरा विचित्र आहे, कारण गिटार आम्ही माइकवर घेतलीच नव्हती. वायर थेट यंत्रात होती. तिथं बाहेरचा आवाज शिरायला वाटच नाही. श्रिया म्हणाली वायर खराब असेल. म्हणून परवा पुण्यातच, नंदीशच्या खोलीत, नव्या वायरीनं गिटार पुन्हा वाजवून घेतली. ती नवी प्रत पाठवतोय. आता चारच लागतील.

बारवेबद्दल तुम्ही इतकं का मनाला लावून घेता? घरातलं काही असेल तर मला सांगा. मी आता सत्तावीस वर्षांचा आहे.

यज्ञेश


तुळजापूर, ३० मे २०२४

चि. यज्ञेश,

नवी प्रत मिळाली. तो आहेच. आणि आता जास्त जवळ आहे. आधी तो तळव्याच्या मध्यभागी लागायचा, आता स्पीकरच्या जाळीला आतून कोणी बोटाचं पेर मारावं तसा लागतो. तीन ठोके, थोडं थांबणं, दोन ठोके. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तीन, थांबणं, दोन. काल मी स्पीकर बंद करून वायर काढली आणि हात तसाच ठेवून बसले. दहा मिनिटांनी तीन आले. मी हात काढून घेतला. दोन यायची वाट बघायचं धाडस झालं नाही.

मला हा ताल माहीत आहे. कुठून, ते आज लिहवत नाही.

मला दोन गोष्टी हव्यात. हे गाणं बाहेर काढू नकोस. आणि त्या दिवशी पायरीवर किती दगड होते ते आठवून लिही. किती ठेवले ते नको, वर आल्यावर किती होते ते लिही. मी आयुष्यभर पोरांच्या थापा पकडल्यात, तेव्हा जपून लिही.

आत्या


पुणे, १२ जून २०२४

आत्या,

आधी माझं ऐका. बेंगळुरूच्या ऑगस्टमधल्या मेटल महोत्सवात आमची निवड झाली. नऊ वर्षं आम्ही लग्नाच्या हॉलमागच्या गोदामात सराव केला, शिवराजनं तीन नोकऱ्या सोडल्या, आणि आता कुठं कोणी बोलावलंय. ते ‘तळ’मुळेच. त्यांनी लिहिलंय की गाण्याच्या तळाशी जो ठोका आहे तसा त्यांनी कधी ऐकला नाही. म्हणजे तो आता सगळ्यांना ऐकू येतो. आम्हालाही. मागच्या पत्रानंतर दर आठवड्याला तो थोडा मोठा झालाय, आणि कोणीही कुठलं बटण फिरवलेलं नाही. नंदीश म्हणतो हाच आपला खरा डूम. मीही गप्प बसलो, कारण मला ते गाणं हवं होतं. ते बाहेर काढू नकोस असं तुम्ही एका ओळीत लिहिता, तेव्हा मला राग येतो हे कबूल करतो.

आता दगडांचं. तुम्ही पकडलंत. मी पहिल्या पत्रात सगळं लिहिलं नव्हतं. आम्ही वर आलो तेव्हा पायरीवर पाच होते. आम्ही आपापले चार उचलले. पाचवा ओला होता. बारवेत थेंबभर पाणी नसताना तो ओला होता. सिदूनं विचारलं, “ह्यो कुनाचा?” मी हसून म्हणालो, तुझाच असेल. तो हसला नाही. म्हणाला, “म्या दगुड ठिवत न्हाय, म्या उतरतच न्हाय. मेंढरं बी हितलं पानी पीत न्हाईत.” मग तो दगडाला हात न लावता निघून गेला.

पाचवा दगड नंदीशनं आठवण म्हणून खिशात घातला. पांढरी गारगोटी आहे, लिंबाएवढी. मधून गंजाच्या रंगाची एक रेघ गेलीय. ती त्याच्या खोलीत बेसच्या स्पीकरवर ठेवलेली असते. दुसऱ्यांदा गिटार वाजवून घेतली तेव्हाही तिथंच होती.

गेल्या मंगळवारपासून नंदीश शिवराजकडं झोपायला जातो. कारण सांगत नाही.

यज्ञेश


तुळजापूर, २० जून २०२४

चि. यज्ञेश,

तुला घरात सांगितलंय की तुझा अनिरुद्धकाका लहानपणी तापानं गेला. ते खोटं आहे.

१९७६ चा वैशाख. बारवेतला गाळ काढायचं काम चाललं होतं. वडील सोलापूरला गेले होते, म्हणून काम दादाकडं होतं. दादा एकोणीसचा, अनिरुद्ध पंधराचा, मी बारा वर्षांची. खाली सहा गडी आणि अनिरुद्ध. मला पहिल्या पायरीवर दगडांपाशी बसवलं होतं, राखायला.

अनिरुद्धला वाजवायचं वेड होतं. पुजाऱ्याच्या पोरानं हलगी मांडीवर घ्यायची म्हणजे घरात रोज महाभारत. हलगी काढून घेतली तर तो डबा वाजवायचा, घागर वाजवायचा, ताटली वाजवायचा. तीन, थांबणं, दोन. बारवेच्या तळाशी भिंतीत एक देवळी आहे, माणूस वाकून आत बसेल एवढी. तिथं आवाज चांगला घुमतो हे तुमच्याआधी त्यानं शोधलं होतं.

त्या सकाळी त्यानं सगळ्यांपुढं माझ्या चित्राच्या वहीची टिंगल केली होती. मी चिडले होते. तो खाली उतरल्यावर मी त्याचा दगड उचलला आणि परकराच्या ओच्यात लपवला. वर आल्यावर त्याला शोधायला लावायचं, एवढंच माझ्या मनात होतं. दगड म्हणजे पांढरी गारगोटी, मधून गंजाची रेघ.

दुपारी गडी भाकरी खायला वर आले आणि आपापले दगड उचलून चिंचेखाली गेले. पायरी रिकामी झाली. पायरी रिकामी म्हणजे सगळे वर, असं सगळ्यांनी धरलं. उपसलेला ओला गाळ मधल्या टप्प्यावर रचला होता, तो घसरला. आवाज झाला, पण दिवसभर असे आवाज चालूच होते. तो गाळ जाऊन देवळीच्या तोंडावर बसला आणि अनिरुद्ध आत अडकला.

मी एकटी पायरीवर भाकरी खात होते, आणि मला ठोके ऐकू येत होते. तीन, थांबणं, दोन. मला वाटलं हा मुद्दाम वाजवतोय, मला चिडवायला. मी मनात म्हटलं, वाजव किती वाजवायचं ते, मी नाही हाक मारणार. मी भाकरी संपवली. कांदासुद्धा संपवला. मग ठोके थांबले आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी त्याला काढला. त्याच्या बोटांची पेरं फुटली होती.

दगड मी चौथ्या दिवशी बारवेत टाकला. कोणाला सांगितलं नाही, आईला नाही, दादाला नाही, देवीलाही नाही. एका वर्गात चाळीस पोरं, अशी छत्तीस वर्षं मी हजेरी घेतली. रोज शेवटचं नाव झाल्यावर एक नाव राहिल्यासारखं वाटायचं. कान गेले तेव्हा डॉक्टर वाईट वाटून घेत होता आणि मला सुटल्यासारखं झालं होतं.

तो अजून खालीच आहे, यज्ञेश. त्याचा दगड पायरीवर नव्हता म्हणून कोणी त्याला वर बोलावलंच नाही. तू खाली वाजवलंस तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्यासारखं वाजवलं. म्हणून त्यानं दगड ठेवला.

पाऊस लांबलाय, पण एकदा पडला की बारव भरेल आणि मग दिवाळीपर्यंत पायऱ्या दिसायच्या नाहीत. दगड पाठव. मला तो पायरीवर ठेवायचा आहे आणि त्याला बोलवायचं आहे. माझा आवाज आता बेसूर झालाय, माझा मला ऐकू येत नाही. तरी मीच बोलवेन.

दादाला काही सांगू नकोस.

आत्या


पुणे, १ जुलै २०२४

आत्या,

मी तुमचा शब्द मोडलाय. रागवा, पण पुढं वाचा.

तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस ते पुन्हा पुन्हा वाचत होतो. तिसऱ्या दिवशी बाबांना फोन केला आणि ते पत्र त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तुम्ही त्या वेळी शेजारच्या खोलीत गहू निवडत होतात, असं त्यांनी मला सांगितलं. मला भीती वाटत होती की तुम्ही एकट्याच बारवेवर जाल, आणि तुम्हाला वर बोलवायलाही तिथं कोणी नसेल. मला तुम्ही हव्या आहात. हे समोर असताना कधी म्हणालो नाही, म्हणून इथं लिहितोय.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दगड हे गड्यांचं काम. मालकाचं काम नावं घ्यायचं. दगड उचलून झाले तरी मालकानं काठावर उभं राहून उतरलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, आणि त्यानं ओ द्यायची. त्या दिवशी मालक मी होतो. पायरी रिकामी दिसली, भूक लागली होती, ऊन होतं. मी नावं घेतली नाहीत.” पुढं म्हणाले, “चंदीला वाटतंय तिनं केलं. मला वाटत होतं तिला माहीत आहे मी केलं, म्हणून ती माझ्याशी बोलत नाही.”

एका घरात तुम्ही दोघं अठ्ठेचाळीस वर्षं समोरासमोर जेवलात, आणि हे असं. मला रडू आलं, आत्या. बाबांनाही आलं असावं, ते पाणी प्यायला उठले.

बँडला मी सगळं सांगितलं. नंदीशनं मग त्याचं सांगितलं. गारगोटी रोज सकाळी ओली असायची आणि स्पीकरवरून उतरून दाराजवळ आलेली असायची. बेंगळुरूबद्दल मत घ्यायची वेळच आली नाही. श्रिया म्हणाली, “आपण मेलेल्यांची गाणी करतो. मेलेल्याकडून काम करून घेत नाही.” ‘तळ’ आम्ही पुसून टाकलं, सगळ्या प्रतींसकट. महोत्सवाला ‘येत नाही’ असं कळवलं. शिवराज तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, चौथ्या दिवशी चहा घेऊन आला. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण त्या पोराच्या फुटलेल्या बोटांवर टाळ्या घ्यायच्या नाहीत एवढं नक्की.

गारगोटी घेऊन नंदीश उद्या स्वतः तुळजापूरला येतोय. पार्सलनं पाठवायची त्याची हिंमत नाही.

एकट्या जाऊ नका. बाबा येणार आहेत. ते तुम्हाला स्वतः सांगतील, पण त्यांना शब्द सापडले नाहीत तर हे पत्र आधी पोचलेलं बरं.

तुमचा,
यज्ञेश


तुळजापूर, १० जुलै २०२४

चि. यज्ञेश,

तुझ्यावर रागावले होते, एक दिवस.

दादाला शब्द सापडले नाहीतच. तुझं पत्र आलं त्या सकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला आणि गव्हातले खडे काढू लागला. आयुष्यात पहिल्यांदा.  आम्ही दोघांनी मिळून पायली संपवली.

रविवारी गेलो. जीपवाला, दादा, मी. आभाळ भरून आलं होतं. तळाशी पाणी लागलं होतं, सहा पायऱ्या बुडाल्या होत्या. सिदू मेंढरं घेऊन काठावर थांबला होता. मी गारगोटी पहिल्या पायरीवर ठेवली. तीच जागा. मी म्हटलं, अनिरुद्ध, तुझा दगड मी घेतला होता. हे मोठ्यानं म्हटलं की नुसतेच ओठ हलले ते मला माहीत नाही. सिदूनं डोक्यावरचं मुंडासं काढलं, म्हणजे मोठ्यानंच म्हटलं असणार.

मग दादा काठावर उभा राहिला आणि त्यानं नाव घेतलं. मला त्याच्या गळ्याच्या शिरा दिसल्या. खालून ओ आली का, ते मला कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी दादाच्या तोंडाकडं बघत राहिले. दादाचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं खाली बसून माझा हात धरला आणि पायरीवर दाबला.

मला पावलं लागली. अनवाणी, ओली. खालून एकेक पायरी. मी मोजत होते. मधे कुठंतरी तो थांबला, दम लागल्यासारखा. दादानं पुन्हा नाव घेतलं. मग तो पुन्हा चढू लागला. पंचविसाव्या पावलाला मी डोळे मिटून घेतले. मला भीती वाटली रे. माझा सख्खा भाऊ, आणि मला त्याची भीती वाटली. हाताला गार वारा लागला आणि चिखलाचा वास आला. डोळे उघडले तेव्हा पायरीवर दगड नव्हता. ज्याचा त्यानं उचलायचा असतो. काठावर मेंढरं दोन बाजूंना झाली होती आणि मधे माणूस जाईल एवढी वाट पडली होती. सिदू त्या वाटेकडं बघत नव्हता.

जीपपाशी दादानं मागचं दार उघडलं आणि धरून ठेवलं. थोडा वेळ. मग लावलं. घरापर्यंत जीपवाल्यानं आरशात एकदाही बघितलं नाही.

आता दादा आणि मी खूप बोलतो. तो पाटीवर लिहितो, मी उत्तर देते. तो जरा जास्तच मोठ्या अक्षरात लिहितो, पण असू दे. सकाळी ओट्यावर हात ठेवला की डब्याच्या झाकणावरचे ठोके लागतात. दादा एकदाही ओरडला नाही. काल त्यानं पेटीतून हलगी काढली, उन्हात तापवली आणि ओसरीत ठेवून आत निघून आला.

सगळं सोपं आहे असं नाही. फरशीवरची ओली पावलं पुसून पुसून कंबर गेली. तो पंधरा वर्षांचा आहे आणि आम्ही म्हातारे झालोय. आई कुठं आहे हे त्यानं पहिल्या दिवशी घरभर शोधलं, दारं उघडी राहिलेली दिसत होती. ती आता नाही हे आम्हाला सांगता आलं नाही. मला तो परवापर्यंत ओळखत नव्हता, माझ्या खोलीच्या दाराशी येऊन परत जायचा. मग मी ती चित्राची वही शोधून बाहेर ठेवली. आता येतो.

तू दिवाळीला ये, नक्की ये. पण उंबऱ्याबाहेर थांब आणि आधी मोठ्यानं तुझं नाव सांग, कोणाचा मुलगा तेही सांग. मी आत घेईपर्यंत पाऊल टाकू नकोस. तो तुला ओळखत नाही.

चंदाआत्या